साडेपाचच्या गाडीचा चष्मा

"अवो, हा तं तुमच्यासारखाच दिसून राह्यला!" रंजिताबाई हसता हसता ओरडल्या आणि मधुकररावांच्या हातातला घास ताटात परत पडला.

टीव्हीवर बसस्टँडच्या ऑफिसातली ती विनोदी मालिका चालू होती. पडद्यावरचा जाडा वाहतूक नियंत्रक शेवटच्या गाडीच्या कागदावर सही करायची सोडून चष्मा शोधत होता. टेबलाखाली, फायलींत, शेवटी चहाच्या किटलीत. चष्मा होता त्याच्याच खिशात. बाहेर गाडी घरघरत उभी, आणि डोक्यावर टोपलं घेतलेली एक भाजीवाली धावत येत होती. ती चढली आणि चष्मा सापडला. तेवढ्यात मागून साहेब उगवले आणि ढोलताशांच्या आवाजात नियंत्रक निलंबित झाला. रंजिताबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

मधुकरराव मात्र हसले नाहीत. तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून अकरा वर्षं ते हेच करत आले होते. भाजी विकणारी धुरपताबाई शेवटचं वांगं विकल्याशिवाय बाजारातून उठत नसे, आणि तिच्या गावाला साडेपाचनंतर गाडी नव्हती. सहीशिवाय गाडी हलत नाही, म्हणून चष्मा हरवायचा. पाच-सात मिनिटं जायची. रजिस्टरात वेळ मात्र साडेपाचचीच पडायची. बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. पण पुतणीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अंकितला, मुंबईत मालिका लिहिणाऱ्या त्या पोराला, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सगळं रंगवून सांगितलं होतं. काय गरज होती? निवृत्तीला चार महिने उरले होते.

रात्रभर त्यांना झोप नव्हती. सकाळी स्टँडवर पाय ठेवला तर चहावाल्यापासून झाडूवालीपर्यंत सगळे हसत होते.

"का मधुकरराव, फेमस झाले नं तुमी!" ड्रायव्हर धर्मेंद्र म्हणाला.

"हळू बोल नं बाप्पा. मले काऊन मारून राह्यला?"

दुपारी डेपोतून फोन आला. साहेब पाच वाजता येणार होते. का, ते कोणी सांगितलं नाही. मधुकररावांनी रजिस्टर तीनदा कपाटात ठेवलं आणि तीनदा बाहेर काढलं.

साहेब आले. नळाची गळकी तोटी पाहिली, मुतारी पाहिली, आणि नेमके मधुकररावांच्या समोरच्या खुर्चीत बसून राहिले. साडेपाचला धर्मेंद्रने कागद पुढे केला आणि सवयीने भिंतीला टेकून उभा राहिला.

चष्मा नाकावरच होता. मधुकररावांनी सही केली.

धर्मेंद्रने बाजाराच्या रस्त्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मधुकरराव रजिस्टरात डोकं घालून बसले. गाडी सुटली. अकरा वर्षांत पहिल्यांदा रजिस्टरातली वेळ खरी होती.

साहेब आळस देत उठले. "काल ते सीरियल पाह्यलं का? आमच्या घरी सगळे लोळून राह्यले होते हसून. असा माणूस असते का हो कुठी?"

"नाई जी," मधुकरराव म्हणाले. "असा कोणी नसते."

साहेब हसले, तोटी बदलून घ्यायला सांगून जीपमध्ये बसले. एवढंच काम होतं त्यांचं. मधुकररावांना स्वतःचीच लाज वाटली.

जीपची धूळ खाली बसत होती तेव्हा धुरपताबाई आली. टोपलं डोक्यावर, पदर कमरेला खोचलेला, धापा टाकत. रिकाम्या फलाटाकडे तिने पाहिलं. मग खिडकीशी येऊन मधुकररावांच्या नाकाकडे पाहिलं.

"आज चष्मा लवकर सापडला वाटते, भाऊ."

मधुकररावांना वाटायचं, हिला यातलं काही कळत नाही. त्यांनी टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली.

"थांब बाई, मी सोडून देतो स्कूटरनं."

"नाई भाऊ. लोक हसून राह्यले तुमाले. नोकरी सांभाळा." तिने टोपलं सारखं केलं. "नऊच तं किलोमीटर हाये. उद्यापासून मीच बाजारातून लवकर उठीन."

ती सडकेला लागली. मधुकररावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पुढचं सगळं अंधूक झालं, तरी टोपलं कुठवर गेलं ते त्यांना दिसत राहिलं.