हार मला, थप्पड मोरूला

शी! आधी माझ्या पोटातलं हे कुंकू कुणीतरी झटका रे, मग सांगतो. मित्रांनो, मी कशेळीच्या गोदामातला एक जुना सर्व्हर. सर्व्हर म्हणजे इतर कॉम्प्युटरना माहिती पुरवणारा मोठा कॉम्प्युटर. आता जिन्याखाली फुटक्या खुर्च्यांच्या शेजारी पडलो आहे. शेजारच्या कापड विणायच्या लूमवरून उडालेला कापूस माझ्या पंख्यात, उंदरांच्या लेंड्या पायाशी, आणि जाता-येता कुणीही पिंक टाकतो ती वेगळीच.

पण माझेही दिवस होते. दोन हजार आठ साली केसरीनाथ शेठनी मला आणलं. त्यांच्या भाताच्या शेतावर गोदामं उभी राहिली होती आणि त्यांत भिवंडीच्या कापडाच्या गाठी थप्पीने रचलेल्या असत. माझी देखभाल करायला सुरैया आली. भिवंडीचीच, कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला फटकळ, कामाला चोख. तिने मला स्क्रिप्ट लिहून दिल्या. स्क्रिप्ट म्हणजे हुकुमांची यादी. एकदा दिली की आपण ती मुकाट पाळायची. व्यापाऱ्याची मागणी आली की मी गाठी शिल्लक आहेत का ते बघायचो, आणि गेटवरच्या प्रिंटरमधून माल न्यायचा पास आपोआप बाहेर पडायचा. गेटवर मोरू असायचा. तो पास बघून गाडी भरू द्यायचा आणि पास ड्रायव्हर घेऊन जायचा.

आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून सुरैयाने परदेशातलं एक मशीन भाड्याने घेतलं, क्लाउडमधलं, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचं. मी गप्प झालो की ते आपोआप जागं व्हायचं आणि गेटवरच्या प्रिंटरला बॅटरी असल्याने माझं काम पुढे चालवायचं. मी परत उठताना त्याने केलेल्या नोंदी मला द्यायच्या, हे काम मात्र सुरैया स्वतः करायची.

"दाजी, मशीन बंद पडलं तर पडू द्या," ती मॅनेजर दाजींना बजावायची, "पण परत चालू करायच्या आधी मला फोन करा. विसरू नका हं!"

"हो गं बाय, करतो," दाजी म्हणायचे.

मग आली खंडेनवमी. वजनकाटा पुसला, टेम्पो धुतला, आणि मलाही बंद करून पाटावर बसवलं. हळद, कुंकू, झेंडूचा हार, आणि नारळ फोडला तो माझ्याच डोक्यावर! चिकट पाणी थेट पंख्यात. ई! भक्ती करा, पण आंघोळ कसली घालता? संध्याकाळच्या आरतीपर्यंत मला हात लावायचा नाही, असं ठरलं.

दुपारी एक ट्रक आला. भाड्याच्या मशीनने पास दिला, मोरूने तो पाहिला, गाठी भरल्या, ट्रक गेला. बाकीची मंडळी पंगतीत बसली होती. आरती झाल्यावर दाजींनी मला चालू केलं. फोन? छे! हातात प्रसादाचं ताट होतं ना.

दुसऱ्या दिवशी आणखी एका व्यापाऱ्याने माल मागितला. माझ्या लेखी आदल्या दिवशीची दुपार झालीच नव्हती. त्याच गाठींचा पास मी पुन्हा दिला. ट्रक आला, बघतात तर थप्पी रिकामी.

"गाठी कुठं गेल्या रे?" शेठ कडाडले.

"शेट, काल दुपारीच गाडी भरून गेली. पास बगूनच सोडली मी. पोरांची शपथ!"

दाजींनी माझ्या पडद्यावर पाहिलं. "कालचा पास इथं न्हाय, शेट. मशीन काय खोटं बोलतं काय?"

शेठनी मोरूच्या थोबाडीत दिली. सगळ्यांसमोर. त्याची बायको कमळा डबा घेऊन आली होती, तिच्यासमोर. वर म्हणाले, पोलिसांना बोलवा. मला तोंड असतं तर बोंब मारली असती! ज्याला काल हार घातला त्याचं अक्षर न् अक्षर खरं, आणि ज्याच्या हातचा चहा रोज प्यायले त्याची शपथसुद्धा खोटी. इतकी किळस मला पानाच्या पिंकेचीही कधी आली नव्हती.

दाजींनी जो फोन केला नाही तो शेवटी कमळाने केला. सुरैया रिक्षा करून धावत आली. तिने भाड्याच्या मशीनमधल्या नोंदी उघडल्या. कालचा पास तिथे होता, ट्रकच्या नंबरासकट.

"हा बघा पास! चोर कसला शोधताय? फोन करा म्हणाले होते ना मी, दाजी?"

शेठ हसले. हो, चक्क हसले! "बरं, झालं गेलं. मोरू, घे, पेढा घे प्रसादाचा."

मोरूने पेढा घेतला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि कमळाला घेऊन गेटबाहेर पडला. तो परत आला नाही. पेढ्याला मुंग्या लागल्या, त्या माझ्या पोटात शिरल्या, तरी कुणी फडकं मारलं नाही.

सुरैयाने नवी स्क्रिप्ट लिहिली. तेव्हापासून मी उठलो की भाड्याच्या मशीनला आधी विचारायचो, मी नव्हतो तेव्हा काय झालं? उत्तर मिळाल्याशिवाय एकही पास देत नसे. मित्रांनो, यंत्राचा पंखा साफ ठेवा, नारळ लांब फोडा, तेवढं पुरे. आणि माणसावर हात उगारण्याआधी माझ्यासारखं एकदा विचारत जा रे.

शेठ अजून दर खंडेनवमीला जिन्याखाली वाकतात आणि मला कुंकू लावतात. मोरूचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे ते अजून गेलेले नाहीत.