भोंगऱ्यानंतरची तोडणी

साहेबांनी "जाऊ नकोस" हे इतक्यांदा सांगितलं, की ऐकून ऐकून माझी जाण्याची इच्छा आणखी पक्की झाली. जळगावच्या विमा कचेरीत मी नऊ वर्षं दाव्यांच्या फायली उपसत होते. सुट्टीच्या दिवशी नाशिकला जाऊन वाइनचा कोर्सही केला होता. आता दीड महिन्याची बिनपगारी रजा टाकून साक्रीकडच्या एका नव्या वायनरीत तोडणी सांभाळायला निघाले. "रोहिणी दारू गाळायला चालली," असं अर्धी कचेरी म्हणाली. म्हणू दे. मी खुशीत होते.

वायनरी प्रेमराजभाऊंची. मूळचे चोपड्याचे, घरात तीन पिढ्या केळी. माणूस दिलदार, पण डोकं केळीचंच. पांढरी द्राक्षं तोडून झाली, तांबड्या वाइनची काळी द्राक्षं तेवढी वेलीवर राहिली, तेव्हा ते बांधावर आले.

"उद्याच कापी टाका बठ्ठा."

"भाऊ, सगळीच कच्ची आहेत अजून."

"मंग? टाकीमा पिकतीन."

केळीचा घड हिरवा कापतात, तो मागाहून खोलीत पिकतो. द्राक्षाचं तसं नाही. वेलीवरून उतरलं की ते आहे तसंच राहतं. मी एक मणी त्यांच्या तोंडात टाकला. त्यांनी तोंड आंबट केलं आणि हिरवी बी थुंकली.

घाईचं खरं कारण वेगळं होतं. तोडणारी मंडळी शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरची. होळीआधी त्यांचा भोंगऱ्या बाजार भरतो, आणि ढोल वाजला की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. गेल्या वर्षी भाऊंनी विनवण्या केल्या, आरडाओरडा केला, फाटकात ट्रॅक्टर आडवा लावला. मंडळी कुंपणावरून गेली ती आलीच नाहीत, आणि द्राक्षं वेलीवर सुकली. यंदाही तसंच झालं तर वायनरीला कुलूप लागणार होतं.

मी टोळीच्या मुकादमीण चमेलीबाईंकडे गेले. म्हटलं, "जा, मनासारखं नाचा. होळीनंतर तिसऱ्या दिवशी पहाटे परत या. तुमच्याशिवाय तोडायची नाही." त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि बोचकं बांधायला घेतलं.

भाऊंनी कपाळाला हात लावला. "नही उनात तं?"

"नाही आले तर मी एकटी तोडीन."

"चार एकर?"

"चार एकर." माझी जीभ अशीच आहे.

होळी झाली. बी तपकिरी झाली, मणी गोड लागायला लागले. तिसऱ्या दिवशी पहाटे मी बागेत उभी होते, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, खोटं कशाला सांगू. पण एकटी तोडीन हा शब्द माझा होता. कात्री घेतली आणि पहिल्या ओळीला लागले. थोड्या वेळानं शेजारच्या ओळीत पुटपुटण्याचा आवाज आला. भाऊ तोडत होते, आणि प्रत्येक घडामागे मला एक शिवी देत होते.

ऊन शेडवर चढलं तेव्हा पिकअपचा हॉर्न वाजला. गेली होती त्याहून जास्त माणसं उतरली. बाजारात भेटलेले सोयरेही सोबत आणले होते. चमेलीबाईंनी माझे भरलेले क्रेट पाहिले आणि कमरेवर हात ठेवला.

"आमनाबिगर तोडाव नही, म्हने व्हती ना तू?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. भाऊंना मात्र राहवेना. "मांगला साल का बरं नही उनात तुम्ही?"

"मांगला साल जाऊ नका, जाऊ नका, इतलंच म्हनात तुम्ही," चमेलीबाई कात्री उचलत म्हणाल्या. "परत या, असं कोनी म्हनंच नही."

भाऊंनी चुलीवर आधण ठेवलं. दुपार व्हायच्या आत त्यांनी स्वतः दोनदा सगळ्यांना चहा दिला.

बाग उतरायला चार दिवस लागले. शेवटच्या संध्याकाळी टाक्यांतून रसाचा वास यायला लागला होता. मंडळी पिकअपमध्ये बसली, तसे भाऊ गाडीजवळ जाऊन खाकरले. "पुढला साल बी परत या."

"यसूत," चमेलीबाई म्हणाल्या. "होळी व्हयनी की."

मलाही सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. बॅग खांद्याला लावली, तसे भाऊ माझ्याकडे वळले.

"तू बी परत ये, ताई."

"येईन," मी म्हटलं. "पण होळीच्या आधी. नाहीतर तुम्ही कच्ची कापाल."