अण्णांचा डावा मोजा

अण्णा मोजा घालत नाहीत असा संशय मला आला तो दोरीवर वाळत घातलेल्या त्या मोज्यामुळेच. रोज दिवसभर घातलेलं लवचिक कापड टाचेपाशी थोडं तरी सैलावतं. हा मोजा पाकिटातून काढला तेव्हा जसा होता तसाच होता.

अण्णा म्हणजे माझे सासरे, पिराजी. चामराजपेटेत खाली त्यांचं शिलाईचं दुकान, वर आमचं घर. जन्मभर ते उभं राहून कापड बेतत आले. डाव्या पोटरीवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या, सकाळी घोटा सुजलेला, आणि गेल्या काही आठवड्यांपासून त्याच पायाच्या अंगठ्याच्या टोकाला एक छोटी जखम. ती भरत नव्हती.

माझा नवरा योगीराज व्हाइटफील्डच्या ऑफिसात असतो. तिथल्या एका सहकाऱ्याच्या आईच्या शिरांचा त्रास घट्ट मोज्यांनी बराच कमी झाला होता. योगीराजने त्याच दिवशी मोबाइलवरून तसाच मोजा मागवायला घेतला. घोटा, पोटरी, गुडघ्याखालची उंची अशी मापं हवी होती. अण्णांनी गळ्यातली टेप काढली आणि स्वतःच्या पायाचं माप स्वतः घेतलं.

मोजा आला, अगदी बरोबर बसला. अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"ह्याला शिवण नाही, अस्तर नाही, आणि आवळतं किती! असलं कापड मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्यानं माझ्याच गळ्यात बांधलं असतं."

"अण्णा, ते आवळायलाच केलंय," योगीराज म्हणाला. "आणि हे बघा, दिवाळीपर्यंत जखम भरली नाही तर दुकान बंद. फ्लॅटचा ताबा मिळतोच आहे. सगळे व्हाइटफील्डला. तिथं लिफ्ट आहे, बाग आहे, बसायला बाकं आहेत."

"बाकं," अण्णा म्हणाले. "सरी, बरं." आणि त्यांनी मोजा घडी करून गल्ल्यावर ठेवला.

माझा त्या मोज्यावर विश्वास होता. मी बोम्मसंद्र्यात पंपांच्या झडपा बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. पाणी वर जावं पण उलटं खाली येऊ नये यासाठी जी झडप बसवतात, ती गळते का ते तपासणं हे माझं काम. पायांच्या शिरांतही अशाच झडपा असतात. त्या सैल झाल्या की वर निघालेलं रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, घोटा सुजतो. बाहेरून दाब दिला की फुगलेली शीर आवळते, झडपेची पानं एकमेकांना टेकतात, गळती कमी होते. तत्त्वात मला काही खोट दिसत नव्हती. खोट असलीच तर ती अण्णांत, असं मी धरून चालले होते.

म्हणून मी लक्ष ठेवायला लागले. एकदा कारखान्याची बस लवकर सुटली. मी दुकानात शिरले तेव्हा अण्णा कटिंग टेबलाखाली वाकले होते. वर आले ते धापा टाकत, पायात मोजा.

"काय शोधत होतात?"

"खडू."

खडू त्यांच्या कानावर होता.

वर गेल्यावर मी त्यांना मोजा काढायला सांगितला. दिवसभर घातलेल्या मोज्याच्या वरच्या पट्टीचा वळ कातडीवर बराच वेळ राहतो. अण्णांच्या गुडघ्याखाली एक फिकट रेघ होती, आणि मी बघता बघता तीही विरून गेली.

"अहो, उगीच पोरीला फसवू नका," सासूबाई भागुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मुग्धा, हे तुझी बस वळली की घालतात. मला सगळं ऐकू येतं खालचं."

"तू कुणाच्या बाजूनं गं?" अण्णांनी विचारलं.

"पायाच्या."

योगीराजची दुसरी सूचना होती पाय उंच ठेवून झोपायची. तिथंही अण्णांनी हात टेकले नाहीत. खोली एवढीशी. पूर्वेच्या भिंतीला देव. "देवाकडं पाय करू होय?" पलंग फिरवला. पश्चिमेला त्यांच्या आईवडिलांचे फोटो. पुन्हा फिरवला. दक्षिणेला यम.

"मग उत्तरेला करा," मी म्हटलं.

"उत्तरेला तुझी सासू झोपते. रोज रात्री तिच्या तोंडापुढं पाय? सकाळी चहा मिळंल काय मला?"

योगीराज हसला. मी हसले नाही. ज्या माणसानं आमच्या लग्नाचा मुहूर्त पंचांग न बघता काढला होता, त्याला आता अचानक चारही दिशा अडचणीच्या झाल्या होत्या. मी सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, रात्री ते झोपतात तरी कसे?

"झोपतात कुठं? पलंगाच्या कडेला बसतात, डावा पाय खाली सोडून. बसल्या बसल्याच डोळा लागतो. म्हटलं, उशी ठेवते पायाखाली, तर अंगावर येतात."

हे मला खटकलं. शिरांचं दुखणं पाय खाली सोडल्यावर वाढतं. अण्णा नेमकं तेच करत होते, आणि करूनच त्यांना झोप लागत होती. सकाळच्या सुजेचं कारणही कदाचित तेच. पण हट्टी माणूस स्वतःचं नुकसान हट्टानं करतो, एवढंच मी तेव्हा मनात म्हटलं. शिवाय मला आणखी एक संशय होता. अण्णांनी बिडी सोडल्याला वर्ष झालं असं घरात सगळे मानत होते. मी मानत नव्हते. संध्याकाळच्या फेरीवरून ते परतले की शर्टाला बडीशेपेचा वास फार येई. तो वास बडीशेप खाणाऱ्या माणसाच्या तोंडाला येतो. शर्टाला येत नाही.

रविवारी संध्याकाळी अण्णा "देवळात जाऊन येतो" म्हणून निघाले. मी जरा अंतर राखून मागे गेले.

कोपऱ्यावर वळून ते बांगड्यांच्या दुकानासमोर थांबले. आत कुणी ओळखीचं नव्हतं, त्यांनी कुणाला हाक मारली नाही. हात मागे बांधून हिरव्या चुड्यांकडे बघत उभे राहिले. मग निघाले. पुढे दप्तरांच्या दुकानासमोर थांबले. आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही. दुकानदारानं "या, अण्णा" म्हटलं तेव्हा ते नुसते हसले, आणि थोड्या वेळानं चालू लागले. यापुढे पान-बिडीचं खोकं येतं ते मला माहीत होतं. तिथं ते थांबणार, मी पकडणार, असा माझा हिशोब. खोक्यापाशी एक बस मध्ये आली. बस गेली तेव्हा अण्णा खोक्याच्या पुढे निघून गेले होते. हात खिशात होता की नव्हता, मला सांगता येणार नाही.

मग ते पुन्हा थांबले. समोर एक बंद शटर.

त्या शटरवर पाटी नव्हती, जाहिरात नव्हती, वाचण्यासारखं काही नव्हतं. अण्णा त्याच्याकडे तोंड करून उभे होते, मघाशी चुड्यांकडे बघत होते तसेच. सगळा भार उजव्या पायावर. डाव्या पायाची टाच जमिनीवरून किंचित उचललेली. शेजारून कुणी गेलं की ते मान वर करत, जणू दुकान कधी उघडणार याचा अंदाज घेत आहेत. थोड्या वेळानं टाच खाली टेकली आणि ते चालायला लागले, अगदी नीट, न लंगडता.

मी तिथंच उभी राहिले. बांगड्या, दप्तरं, शटर. दुकानांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण दोन थांब्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी जवळजवळ सारखं होतं.

पंप काही वेळ चालून बंद पडतो, विसावा दिला की पुन्हा चालतो, पुन्हा तेवढ्याच वेळानं बंद पडतो, तेव्हा आम्ही परतीची नळी बघत नाही. येणारी नळी बघतो. झडप गळत असेलही, पण आधी आत पुरेसं येतंय का? मी सगळे दिवस अण्णांच्या परतीच्या नळ्या तपासत होते. वर आलेल्या निळ्या शिरा दिसत होत्या, म्हणून त्यांच्यावरच डोळा होता. आणि जखम घोट्यापाशी नव्हती. ती पायाच्या सगळ्यात शेवटच्या टोकाला होती, जिथं पुरवठा सर्वांत शेवटी पोचतो.

अण्णा वळले तेव्हा मी समोरच होते.

"तू?" ते म्हणाले. "देव तिकडं आहे."

"शटरला नमस्कार करत होतात?"

ते घराकडे वळले. घरी येईपर्यंत ते कुठंच थांबले नाहीत. जिन्यापाशी त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

वर आल्यावर मी त्यांना जमिनीवर झोपायला सांगितलं आणि दोन्ही पाय स्टुलावर ठेवले. पाय देवाकडे होते. या वेळी ते काही बोलले नाहीत. उजवा तळवा होता तसा राहिला. डावा हळूहळू पांढरा पडत गेला, इस्त्रीखाली रंग उडालेल्या कापडासारखा. मग मी त्यांना उठवून पाय खाली सोडायला लावले. डाव्या पावलाला रंग यायला वेळ लागला, आणि आला तो गर्द लाल, जवळजवळ जांभळा. सासूबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या.

"मोजा घातल्यावर काय होतं?" मी विचारलं. "खरं सांगा."

"पाऊल थंड पडतं. मेल्यासारखं. मग अंगठा असा ठणकतो की कात्री हातातून सुटंल. काढून खाली सोडला की स्वल्प बरं."

"आणि चालताना?"

"पोटरी आवळून धरतं कुणीतरी. थांबलं की सोडतं."

"हे सांगितलं का नाही अण्णा?"

"सांगितलं असतं तर तुझ्या नवऱ्यानं त्याच दिवशी टेंपो बोलावला असता. बाकावर बसायला." ते पावलाकडे बघत म्हणाले. "उभं राहता येतंय तोवर दुकान आहे माझं."

मी मोजा उचलून कपाटात, माझ्या साड्यांच्या मागे ठेवला आणि योगीराजला उद्याची रजा टाकायला सांगितली.

रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या. त्यांनी अण्णांच्या दंडाला पट्टा बांधून दाब घेतला, मग तसाच पट्टा घोट्याला बांधला आणि पेनासारखं एक यंत्र पावलावर टेकवलं. उजव्या पायातून छातीच्या ठोक्यासारखा फुसफुस आवाज आला. डाव्या पायातून कितीतरी वेळ काहीच नाही, मग लांबून कुणी फुंकर घालावी तसं काहीतरी.

"शिरांचा त्रास आहेच," त्या म्हणाल्या. "त्याला मोजा उपयोगी पडतो, सूज आणि जडपणा कमी होतो. पण यांची रक्त खाली नेणारी धमनीच अरुंद झालीय. अशा पायावर इतका घट्ट मोजा घातला तर जे थोडं पोचतंय तेही अडतं. मोजा कुणी दिला?"

योगीराज मोबाइलकडे बघायला लागला.

"माप कुणी घेतलं?"

"मी," अण्णा म्हणाले. "शिंपी आहे."

"माप उत्तम असणार. पाय तपासायचा राहिला."

पुढच्या आठवड्यात मांडीतून बारीक नळी घालून त्यांनी ती अरुंद जागा फुग्यानं रुंद केली. गोळ्या दिल्या. आणि रोज चालायला सांगितलं: दुखलं की थांबायचं, थांबलं की पुन्हा चालायचं.

"बघ," अण्णा मला म्हणाले, "डॉक्टरच सांगतायत, दुकानापुढं थांबा म्हणून."

"बिडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर्ष झालं सोडून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांच्या शर्टाकडे पाहिलं. त्यांना तेवढं पुरलं.

"ती चालू राहिली तर हा पाय राहील, असं मी सांगणार नाही."

परतताना गाडीत मी योगीराजला म्हटलं, बिडी बंद राहिली आणि अंगठा भरला, तर दुकानाचा विषय काढायचा नाही. त्यानं आरशातून मागे अण्णांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि ते तू बघणार?"

"मी बघणार."

"पोलीस," मागून अण्णा म्हणाले.

दिवाळीच्या आधी अंगठ्याच्या कडेनं गुलाबी कातडी दिसायला लागली होती. संध्याकाळी मी अण्णांबरोबर फिरायला निघाले. बांगड्यांचं दुकान आलं आणि गेलं. दप्तरवाल्यानं हात केला, त्यांनीही चालता चालता केला. मी त्यांच्या टाचेकडे, वरच्या ओठाकडे बघत होते. दुखणं लपवायची त्यांना सवय होती. घाम नव्हता. पाऊल नीट पडत होतं.

पान-बिडीच्या खोक्यासमोर ते थांबले.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

खोकेवाल्यानं त्यांना पाहिलं आणि काही न विचारता त्याचा हात उजवीकडच्या बिडीच्या बंडलांकडे गेला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात अर्ध्यावर थांबला.

"कडले मिठाई," अण्णा म्हणाले.

खोकेवाला जरा गोंधळला, मग त्यानं शेंगदाण्याच्या चिक्कीची बरणी उघडली. अण्णांनी एक तुकडा मला दिला, एक तोंडात टाकला.

"दात दुखतात म्हणून तुम्ही चिक्की खात नाही ना?"

"आता खातो," ते म्हणाले, आणि पुढे चालायला लागले.

घरापर्यंत ते ती गालात धरून चघळत होते. बंद शटरसमोरून जाताना त्यांनी तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. जिना चढताना मी मुद्दाम त्यांच्या मागे, अगदी जवळ राहिले. वास शेंगदाण्यांचाच येत होता. अण्णा वरच्या पायरीवर थांबले, मागे न बघता शर्टाचा खिसा बाहेर उलटा काढला आणि तो तसाच लोंबता ठेवून आत गेले.

पँटचे खिसे मी धुण्याच्या वेळी बघते.