एका ओळीचं वर्णन

रोबोचा हात खाली आला तेव्हा ज्योतीरामचा उजवा हात अजून पत्र्यावरच होता. वेल्डिंगची बंदूक कोपरात घुसली. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या सेलपर्यंत गेला, आणि बंदूक आपल्या ठरल्या वाटेने मांस ओढत पुढे सरकली. सुपरवायझर सोपानरावांनी सेल चारचं लाल बटण ठोकलं, तोवर जाळीवर रक्त उडालं होतं.

चाकणच्या त्या कारखान्यात असे सहा रोबो, प्रत्येक आपल्या जाळीबंद सेलमध्ये, गाड्यांचे सांगाडे जोडत. त्यांचे प्रोग्राम सर्व्हरवर, गिटमध्ये असत. गिट म्हणजे बदलांची वही. कोणी काय बदललं ते तिच्यात लिहिलं, की मागचं पान केव्हाही उघडता येतं. जे लिहिलंच नाही, ते तिला ठाऊक नसतं.

कामगार ती वही उघडत नसत. गेल्या आठवड्यात चार, पाच आणि सहा नंबरला पत्रा धरायचा नवा साचा आला. पत्रा लावायला जास्त वेळ लागू लागला, म्हणून ज्योतीरामने तिन्ही मशीनवरच बदल केला: वेळ झाली तरी कामगाराने दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रोबोचा हात खाली येणार नाही. मग पॅनेलच्या दारावर खडूने लिहिलं, "थांबा वाढवला. ज्यो." खडूने लिहिलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं, असा तिथला रिवाज.

त्या दुपारी सगळे प्रोग्राम गिटशी जुळवायचं काम एआय एजंटकडे, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून उरकणाऱ्या प्रोग्रामकडे होतं. एजंटला खडू दिसत नाही. त्याला दिसतात फक्त हाताशी दिलेली टूल्स आणि त्यांची वर्णनं. जुळवणीच्या टूलचं वर्णन ते टूल बनवणाऱ्या इंजिनिअर तनुजाने लिहिलं होतं: "प्रोग्राम नोंदवलेल्या स्थितीला आणतो." एवढंच. नोंद न केलेले बदल कायमचे पुसले जातात, आणि रोबो पुढच्याच फेरीला जुना प्रोग्राम चालवतो, हे त्यात नव्हतं. तिला ते इतकं माहीत होतं, की लिहायचं सुचलंच नाही.

ज्योतीरामचा धाकटा भाऊ भैरू जिना चढून तिच्या केबिनमध्ये आला. हातात पाना होता, शर्ट भावाच्या रक्ताने भिजला होता.

"कुणी बदलला परोग्राम?"

"एजंटने," तनुजा उठून म्हणाली. "माझ्या टूलने."

थपडेसरशी ती टेबलावर आदळली. ओठ फाटला.

"मह्या भावानं दारावर लिवलं व्हतं! डोळे फुटले व्हते का तुझे?"

"भैरू, आधी ऐका..."

पाना लॅपटॉपवर पडला. पुन्हा पडला. पडद्याची काच तिच्या तळहातात शिरली.

"आता चालव की! चालव!"

"तो यात नाहीये!" ती किंचाळली. "सर्व्हरवर आहे, अजून चालू आहे. चार झाला, आता पाच करेल!"

भैरूने खिडकीतून खाली पाहिलं. लाल बटणाने फक्त चार नंबर थांबला होता; सेल पाचमध्ये शालनबाई वाकून पत्रा बसवत होती. त्याने पान्याने खिडकी फोडली आणि जीव तोडून ओरडला, "मावशे, हात काढ!"

काचा कोसळल्या तशी शालनबाई दचकून मागे हटली. बंदूक रिकाम्या पत्र्यावर आदळली. ठिणग्यांनी तिचा पदर पेटला. सोपानरावांनी तो दोन्ही पंजांनी विझवला, तळवे भाजले, तसेच धावत जाऊन रोबोंचा मेन स्विच खाली ओढला. सगळे रोबो होते तिथे थांबले.

"न्हाई, आता कुणी हात लावायचा न्हाई," ते खालून म्हणाले. "आधी त्या यंत्राला नीट सांगा."

तनुजा शेजारच्या कॉम्प्युटरवर बसली. सर्व्हरवरचा एजंट बंद केला. मग टूलचं वर्णन नव्याने लिहू लागली, एका हाताने. दुसऱ्यातून रक्त ठिबकत होतं. भैरू मागेच उभा होता.

"वाचून दाव."

"मशीनवर केलेले आणि न नोंदवलेले बदल हे टूल कायमचे पुसतं. रोबो लगेच जुना प्रोग्राम चालवतो. सेलमध्ये माणूस असेल तर जीव जाऊ शकतो. आधी विचारावं."

"कुणाला इचारावं?"

"ऑपरेटरला."

"कोन ऑपरेटर? शिफ्टला धा जन असतेत. ज्याचा हात आत हाय त्याला, असं लिव."

तिने तसंच लिहिलं. खाली अँब्युलन्सचा भोंगा वाजला. ज्योतीरामचा हात कोपरापासून खाली नुसता कातडीवर लोंबत होता.

भैरूने पाना टेबलावर ठेवला आणि जिना उतरला. खालच्या पायरीशी सिक्युरिटीची दोन माणसं त्याचीच वाट पाहत होती. तनुजाने त्यांना बोलावलं नव्हतं. तिने त्यांना थांबवलंही नाही.