बाजारातलं कुलूप

जमुनाबाई बाजाराच्या दिवशी पाणी पीत नसे. भाजी घेऊन बसणारी कोणतीच बाई पीत नसे. प्यालं की उठावं लागतं, आणि उठून जायचं कुठं? बायांसाठी संडास बांधलेला होता, पण उद्घाटन झालं त्याच दिवशी त्याला कुलूप लागलं. आत व्यापाऱ्यांचा बारदाना, रिकामी पोती, भरलेली. मागच्या उन्हाळ्यात जमुनाबाईची लघवी अडली, रक्त गेलं, अकोल्याच्या दवाखान्यात पडून राहावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत जा. तिला तेव्हा नुसता राग आला.

यंदा एका बाजाराच्या दिवशी अमरावतीहून दामिनी आणि तिचे सोबती नाटक घेऊन आले. दामिनी झाली भाजीवाली. ती संडास मागायला जाते आणि बाजार समितीचा सभापती तिला हसून हाकलतो, एवढंच नाटक. संपल्यावर दामिनी म्हणाली, “आता परत करतो. भाजीवालीनं दुसरं काही करायला पाहिजे होतं असं जिला वाटते, तिनं मले थांबवायचं अन् माझ्या जागी यायचं.”

बाजाराचे खरे सभापती खुशालराव समोरच खुर्चीत होते. ते म्हणाले, “कोणी येत नाई, बेटा. आमच्या बाया लाजतात.”

जमुनाबाई उठली. “नाटकातला सभापती कायले पाहिजे? खरा बसून हाय न. या भाऊ.”

फोटो निघतील म्हणून खुशालराव हसत आले.

“कुलूप काहून लावलं?” तिनं विचारलं.

“तुमी बाया घाण करता.”

“उघडलंच नाई, तं घाण कोनं केली?”

“नाटक हाय बाई, नाटकासारखं करा.”

“बरं. मंग आता तुमी भाजीवाली, मी सभापती. बसा खाली.” तिनं मेथीचं टोपलं त्यांच्यापुढं सरकवलं, गडवाभर पाणी दिलं. ते प्याले. तिनं दुसरा गडवा दिला. “बाजार सुटेपर्यंत उठाचं नाई.”

बाया आपापली टोपली उचलून त्यांच्याभोवती येऊन बसल्या. वाट उरली नाही. आधी खुशालराव गमतीनं भाव सांगत राहिले. मग मांड्या आवळून बसले. “जाऊ दे आता, जमुनाबाई.”

“कुठं जाता? झाडामागं? मानसं पाहून राहिली.”

दामिनी घाबरली. “मावशी, पुरे.”

“तूच म्हनली न, थांबवा म्हून? कोनाले थांबवाचं असन त्यानं माह्या जागी यावं.”

कोणी आलं नाही.

शेवटी खुशालराव ओरडले, “फोडा रे ते कुलूप.” दोन किलोच्या वजनानं कुलूप तुटलं. बायांनी बारदाना ओढून बाहेर फेकला. खुशालराव धावत आत गेले. बाया हसल्या, जमुनाबाईला हसू आलं नाही. ते बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “नळाले पानी हाय?” ते मान खाली घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार दिली की शहरातल्या नाटकवाल्यांनी बाया भडकवल्या. दामिनीला ठाण्यात बोलावलं. जमुनाबाई न बोलावता गेली, मागून बाकीच्या बायाही गेल्या.

“मले कोनं भडकवलं नाई, साहेब,” ती म्हणाली. “मी आधीचीच भडकेल हाओ. माहं नाव लिहा. अन् नळाचं बी लिहा.”

साहेबांनी तिच्यासमोर खुर्ची सरकवली. ती बसली नाही.