डायडोचं ताट

मिडलटन घराण्याच्या मेळाव्यात दर ऑगस्टला एक ताट रिकामं मांडलं जायचं. ते डायडोचं. साउथ कॅरोलिनात गुलामगिरीच्या काळात मळ्याचा मालक देणी ठेवून मेला, ती फेडायला माणसं विकली गेली, आणि मळ्यावरच्या लायमस-फीबी या नवरा-बायकोची ही थोरली पोर अलाबामाकडे गेली ती गेलीच. गुलामी संपवणाऱ्या युद्धानंतर लायमस मोकळा झाला. त्याने तिथल्याच एका बेटावर समुद्रालगत जमीन घेतली आणि मरेपर्यंत चर्चच्या वर्तमानपत्रात जाहिरात देत राहिला: माझी मुलगी, डाव्या भुवईवर व्रण, कुणी पाहिली आहे का? कुणी पाहिली नव्हती. मृत्युपत्र न करताच तो गेला. जमीन साऱ्या वंशजांच्या सामाईक मालकीची राहिली. कुणी वाटणी मागितली नाही, कुणी केली नाही.

अर्नेस्टीन मिडलटन टपालखात्यातून निवृत्त झाली आणि हात धुऊन डायडोच्या मागे लागली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच सोडून गेला होता, आणि घराण्यात तिला भात ढवळण्यापलीकडे कुणी काही विचारत नसे. डायडो सापडली तर आपल्यालाही चार माणसांत मान मिळेल, एवढीच तिची हाव. जगात याहून वाईट हावा खूप आहेत, आणि त्यांना शिक्षा होत नाही.

तिच्या व्हर्टेल आत्याला हे खूळ पसंत नव्हतं. आत्या त्या जमिनीवरच राहायची. तिचा नवरा आणि बुडून गेलेला मुलगा तिथेच पाण्याकाठी पुरलेले. मुलाच्या थडग्यावर त्याचा शेवटचा कप ठेवलेला, कान तोडून, आमच्याकडे ठेवतात तसा.

"कशाला उकरतेस गं?" आत्या म्हणायची.

"आत्या, तूच तर दरवर्षी तिचं ताट मांडतेस."

"आम्ही विसरलो नाही हे तिला कळावं म्हणून मांडते. जेवायला ये म्हणून नाही मांडत."

अर्नेस्टीन हसली. म्हातारीला काय कळतंय, असं तिला वाटलं.

तिने बस बदलत बदलत अलाबामा गाठलं, तेही पुन्हा पुन्हा. कोर्टांची तळघरं, चर्चमधली बाप्तिस्म्याची पानं, जनगणनेच्या फिल्मा, अंत्यविधीची छापील पत्रकं, सगळं चाळलं. डायडोचं आडनाव दर मालकाबरोबर आणि दर नवऱ्याबरोबर बदललेलं. शेवटी एका जनगणनेत ती सापडली: डायडो टेट, कपडे धुणारी, जन्म साउथ कॅरोलिना. थोरल्या मुलाचं नाव लायमस, मुलीचं फीबी. मारून मुटकून दुसऱ्यांच्या घरात ठेवलेल्या बाईने आईबापांची नावं तेवढी कुणाला हिरावून घेऊ दिली नव्हती. अर्नेस्टीन फिल्म दाखवणाऱ्या त्या यंत्रासमोर बसून हमसून हमसून रडली.

तिथून वंशाचा धागा क्लीव्हलँडपर्यंत गेला. टोकाला कॉर्व्हेल टेट, चाळिशीचा, गोडबोल्या. अर्नेस्टीनने त्याला मेळाव्याला बोलावलं. डायडोच्या ताटात लाल भात आणि खेकडे वाढले. तो ताटावर वाकून रडला, बायका रडल्या, आणि अर्नेस्टीनला पहिल्यांदाच मधल्या खुर्चीत बसवलं. तिने त्याच्या हातात बांधीव वंशावळ दिली. प्रत्येक जन्माला, प्रत्येक लग्नाला सही-शिक्क्याची नक्कल जोडलेली. म्हणाली, "भावा, ही जमीन तुझीही आहे."

आत्या तेवढी रडली नाही. तिने त्याचं उष्टं ताट नुसतं उचलून नेलं.

वसंतात कोर्टाचा कागद आला. किनाऱ्यावर गोल्फचं मैदान काढणाऱ्या एका कंपनीने कॉर्व्हेलचा हिस्सा विकत घेतला होता आणि आता तिला वाटणी हवी होती. अर्नेस्टीनने कॉर्व्हेलला फोन फिरवला.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, तुझीही आहे म्हणून?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. "माझं होतं ते मी विकलं. तुमचं तुमच्याकडे आहे की."

"अरे, मळेवाल्यांनी डायडोला विकली होती रे. तिच्या नावावर तू आम्हाला विकलंस?"

"तिला विकलं तेव्हा तुमच्यापैकी कोण आडवं आलं होतं?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

कोर्टात कंपनीच्या वकिलाने तीच बांधीव वंशावळ न्यायाधीशांपुढे ठेवली. एवढ्या वंशजांत जमिनीचे तुकडे करणं अशक्य, तेव्हा सगळीच विकून पैसे वाटावेत, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशांनी पानं उलटली. इतकं चोख काम फार क्वचित पाहायला मिळतं, म्हणाले. वकिलाने वळून अर्नेस्टीनला मान लवून नमस्कार केला. आत्या शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकलं.

लिलाव कोर्टाच्या पायऱ्यांवर झाला. मिडलटनांनी घरं गहाण टाकली, चर्चने झोळी फिरवली, तरी कंपनीपुढे टिकाव लागला नाही. कंपनीने कुंपण घातलं. आता थडग्यांकडे जायचं तर फाटकावरचा पहारेकरी पास विचारतो. आत्याच्या मुलाचा कप कुणीतरी कचरा समजून उचलला.

आत्याला जायला दुसरं घर नव्हतं, म्हणून ती शहरात अर्नेस्टीनकडे आली. पहिल्याच संध्याकाळी तिने टेबलावर दोन ताटं मांडली आणि एकापुढे स्वतः बसली. अर्नेस्टीन दुसऱ्यापाशी बसायला गेली.

"ते डायडोचं," आत्या म्हणाली.

अर्नेस्टीन तिसरं ताट काढायला फळीकडे वळली.

"राहू दे. तूच तिला आणलीस ना? मग आता तुझी जागा तिला दे."

घर अर्नेस्टीनचं होतं, ताटंही तिचीच. तिने दोन्ही ताटांत भात वाढला आणि शेगडीपाशी उभी राहून पातेल्यातलाच खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि त्यानंतर रोज. आत्या अजून ठणठणीत आहे.