जज्जीणबाईंची हँडबॅग

जज्जीणबाईंनी पर्स दोन बोटांत उचलली, उलटी केली, तळाला नाक लावून हुंगली आणि मेलेली पाल टाकावी तशी टेबलावर टाकली.

"ही माझी नाही."

फडक्याची घडी घालता घालता ती थांबली. सोसायटीत तिला पर्सवाली म्हणत. जुन्या चामडी पर्स घरीच दुरुस्त करून देणारी, पदवी घेऊन घरी बसलेली, पोर सासूच्या गळ्यात बांधून रंग कालवणारी. ही सगळी स्तुती बायकांच्या क्लबातून तिच्या कानावर आली होती आणि क्लब म्हणजे जज्जीणबाई. जज्जसाहेब जाऊन वर्ष झालं तरी बाईंचा दरबार काही उठला नव्हता.

"तुमचीच पर्स आहे, मॅडम."

"पर्स नाही, हँडबॅग. माझ्या हँडबॅगेत काही दम होता. ही बाजारातून उचलून आणल्यासारखी दिसतेय. बदललीत ना?"

तीन आठवड्यांपूर्वी याच बाई हीच वस्तू घेऊन आल्या होत्या. रुमालानं खुर्ची पुसून मगच बसल्या होत्या. पर्सवर बुटाचं पॉलिश थापलेलं, पॉलिशवर डोक्याचं तेल, आणि वर "मी वस्तू फार जपते हं." ते जपणं खरवडून काढण्यातच तिचे चार दिवस गेले होते. असली माणसं वस्तू विकत घेऊ शकतात म्हणून त्या त्यांना मिळतात, याचा तिला दर वेळी नव्यानं राग येई.

तिनं मोबाईलमधला कामाआधीचा फोटो पुढे धरला. जज्जीणबाईंनी मान मागे नेऊन तो पाहिला.

"फोटोतली माझी आहे. तेच तर म्हणतेय मी. ती कुठाय?"

दारात सासूबाई आल्या. कडेवर वर्षाची नात, तिच्या तोंडात स्वतःचीच मूठ.

"काय गं, कसला आवाज?"

"काही नाही, आई. छकुलीला आत न्या. थिनरचा वास आहे इथे."

"वास काय आजचा आहे?" पुटपुटत सासूबाई गेल्या. आतली कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत तिनं थिनरच्या बाटलीला हात लावला नाही.

तेवढ्या वेळात तिला पुढचं सगळं दिसलं होतं. उद्या क्लबात चहा आहे. बाईंनी साखर ढवळता ढवळता एवढंच म्हणायचं, की बदलते हो ती. संपलं. एकही पर्स या घराची पायरी चढणार नाही. मग पुन्हा नोकरी, दिवसभर पोर सासूबाईंना झेपत नाही म्हणून पुन्हा पाळणाघर, पुन्हा दर तासाला पाळणाघरात फोन आणि पलीकडून ते कंटाळलेलं "खेळतेय हो, मॅडम."

तिनं कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि पर्सच्या झाकणाचा कोपरा पुसू लागली. आठ हात देऊन बसवलेला मधाळ रंग मुकाट्यानं बोळ्यावर आला. खालून निळा-काळा डाग वर आला, बोराएवढा.

"हा तुमचा शाईचा डाग."

जज्जीणबाईंनी चष्मा लावला, वाकल्या, सरळ झाल्या.

"म्हणजे डाग गेलाच नव्हता! नुसता वरून रंग फासलात. मी काढायला सांगितला होता, झाकायला नाही."

तिनं दुसरा बोळा घेतला.

"अहो, पटलं मला. पुरे."

"नाही, नाही. पूर्ण खात्री करून घ्या. हा ओरखडा?"

"मांजराचा," जज्जीणबाई नाइलाजानं म्हणाल्या.

"आणि हे?"

"गाडीच्या दारात सापडली होती."

"हे गोल?"

"कपाचा डाग आहे तो. अहो, काय चालवलंय तुम्ही? चांगली झाली होती की!"

"हो का? मघाशी बाजारातली होती."

तीन आठवड्यांचं काम बशीत बोळ्या-बोळ्यांनी साठत होतं. बाईंचा आवाज एकेका डागागणिक खाली येत होता आणि त्यानं तिला छान वाटत होतं, गरम पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं. हँडल तेवढं उरलं होतं. तिनं बोळा तिकडे नेला.

जज्जीणबाईंचा तळहात हँडलवर पडला. बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्यांसकट.

"तेवढं राहू द्या."

"का? तेही तुमचंच आहे."

"म्हणूनच."

हँडलच्या आतल्या बाजूला काय होतं ते तिला ठाऊक होतं. चंद्रकोरीसारख्या बारीक खाचा, चार-चारच्या ओळीत, काही जुन्या, काही त्यांच्यावरच पडलेल्या. एवढ्या खोल, की बुजवायला पेस्ट तीनदा भरावी लागली होती. नखं वाढवायची आणि चामड्याची वाट लावायची, असं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती आणि दोघं हसले होते.

"ह्यांच्या शेजारी गाडीत बसले की मांडीवर असायची ही, मुठीत घट्ट," जज्जीणबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "पंचवीस वर्षं. तेवढं गेलंय ना? मग गेलेलंच राहू द्या."

तिनं बोळा बशीत ठेवला.

बाईंनी चष्मा डबीत घातला. डबीचं झाकण जरा जोरातच मिटलं.

"आठ दिवसांत करून द्या परत. हाच रंग."

"बरं."

"आणि पर्स म्हणू नका."

दार लागताच सासूबाई बाहेर आल्या. "गेली महामाया? काय म्हणत होती एवढं?"

"काही नाही. थोडं काम राहिलं होतं."

"सगळी उघडी केलीस ती! मग मूठच तेवढी कशाला ठेवलीस?"

सासूबाईंचं चुकत नव्हतं. रंग द्यायचा तर आधी सगळं चामडं एकसारखं पुसून घ्यावं लागतं. एक भाग जुन्या रंगात सोडला की तो कायमचा वेगळा दिसतो. नवशिक्यांच्या कामातली ही चूक तिला लांबून ओळखू येई आणि ती नाक मुरडत असे.

तिनं मऊ फडक्याची पट्टी फाडली, हँडलभोवती गुंडाळली आणि दोन्ही टोकं सुतळीनं बांधली. शेवटचा बोटभर भाग तेवढा रंग ताडून बघायला उघडा ठेवला. मग वाटीत पिवळा घेतला, त्यात तपकिरीचा एक थेंब टाकला, काडीनं चामड्याच्या तुकड्यावर ओढून हँडलशेजारी धरला. जुळला नाही. तिनं वाटी धुतली आणि पुन्हा पिवळा घेतला.